चार मीटरला पाच मिलिमीटर कमी

आपल्या देशात मोटारीची उंची खड्डे ठरवतात, रंग धूळ ठरवते आणि लांबी अर्थमंत्री ठरवतात. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. लहान कशाला म्हणायचं तेही सरकारने सांगून टाकलं : लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीच्या आत, डिझेलचं असेल तर १५०० च्या. तेव्हापासून मोटारीचा नकाशा काढणाऱ्याच्या टेबलावर चार मीटरची पट्टी येऊन पडली. चांगल्या भरल्या अंगाच्या गाड्यांच्या डिक्क्या छाटल्या गेल्या. टाटांची इंडिगो २००८ साली मागून कापून 'सीएस' झाली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गाडी पुढे निघून गेली आणि डिकीचा अर्धा भाग मागच्याच स्टेशनावर राहिला.

मग याच मापात जीपसारखी दिसणारी गाडी बसवायची टूम निघाली. २०१३ साली फोर्डची इकोस्पोर्ट आली, लांबी ३९९९ मिलिमीटर. कायद्याच्या उंबऱ्यावर एक मिलिमीटर राखून उभी! पुढचे लोक जरा सावध निघाले. २०१६ साली मारुतीची ब्रेझा, २०१७ साली टाटांची नेक्सॉन, २०१९ साली ह्युंदाईची वेन्यू, २०२० साली कियाची सॉनेट आणि २०२४ च्या अखेरीस स्कोडाची कायलॅक. पाचही गाड्यांची लांबी ३९९५ मिलिमीटर. महिंद्रांची एक्सयूव्ही थ्री एक्स ओ तेवढी ३९९०, बहुधा त्यांचा सुतार जास्त भित्रा असावा. भारत, जपान, कोरिया आणि चेक प्रजासत्ताक, चार देशांचे इंजिनिअर वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकाच उत्तराला येतात! एवढं एकमत ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत गणपतीच्या वर्गणीवरही कधी झालेलं नाही.

आता अशा एकाच साच्यातून निघालेल्या गाड्यांमधून एक निवडायची, तर फरक शोधायचा कुठे? कंपन्या सांगतात, स्क्रीनच्या इंचांत शोधा, दिव्यांच्या नक्षीत शोधा, छताच्या काचेत शोधा. आमच्या घरी तो भलतीकडेच सापडला.

आम्ही ग्वाल्हेरला शिंदे की छावनीत राहतो. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ या भागात कायमचा पडला आणि त्याचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं. आमचे पूर्वज त्या तळाबरोबर दक्षिणेतून आले आणि गाडी सोडायला सावली मिळाली म्हणून राहिले, असं नानाकाका सांगतात. ती अर्थातच बैलगाडी. दोन घोडेस्वार समोरासमोर आले तर धाकट्याने मुजरा करून घोडा बाजूला घ्यावा, एवढ्या बेताने गल्ली सोडली होती. पुढच्या दोनशे वर्षांत तिच्यात भर पडली ती ओट्यांची, नाल्यांची आणि विजेच्या खांबांची.

अटलबिहारी वाजपेयी आमच्या छावणीतले. कमलसिंह का बाग म्हणतात त्या वस्तीत त्यांचं घर. पंतप्रधान झाल्यावर त्यांनी देशाला सुवर्ण चतुर्भुज महामार्ग दिला, श्रीनगर ते कन्याकुमारी जोडणारा रस्ता दिला, आणि तो ग्वाल्हेरवरूनच जातो. छावणीतला माणूस देशाला चौपदरी करून गेला. छावणीच्या गल्ल्या मात्र एकपदरीच राहिल्या, आणि त्या पदरातही बहुतेक वेळा एक गाय बसलेली असते.

तसा कॉम्पॅक्ट वाहनांचा आम्हाला सराव आहे. माधवराव महाराजांच्या वेळेपासून ग्वाल्हेरला छोटी रेल होती. दोन रुळांमधलं अंतर दोन फूट, आणि त्यावर ग्वाल्हेर ते श्योपूर सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास. २०२० पर्यंत ती धावत होती. डब्यात जेवढी माणसं, तेवढीच टपावर. टपावर बसून वारा खायची ती सोय तिकिटातच धरलेली असे. हल्ली तिलाच सनरूफ म्हणतात आणि तिच्यासाठी वरचं व्हेरिएंट घ्यावं लागतं.

गाडी घ्यायची ठरली तेव्हा पुण्याहून चिरंजीवांनी एक एक्सेल पाठवली. ते हिंजवडीत असतात, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट चौकटीत बसवल्याशिवाय दिसत नाही. पॉवर, टॉर्क, डिकीचे लिटर, ग्राउंड क्लिअरन्स, एअरबॅगा, स्क्रीन. जिंकणारा आकडा हिरवा, हरणारा लाल. नेक्सॉनचं ग्राउंड क्लिअरन्स २०८ मिलिमीटर, कायलॅकचं १८९. नेक्सॉनची डिकी ३८२ लिटरची, ब्रेझाची ३२८. शेवटी बेरीज केली तर सगळ्या गाड्यांना जवळजवळ सारखेच गुण. चिरंजीव गोंधळले. नानाकाका म्हणाले, "अरे, ज्या परीक्षेत सगळे पास होतात, तिचा पेपर चुकीचा काढलेला असतो."

नानाकाका पीडब्ल्यूडीतून निवृत्त झाले, पण त्यांची मेजरिंग टेप अजून नोकरीत आहे. त्यांनी एक्सेल बाजूला ठेवली, जुनी लाल कापडी बांधणीची वही काढली आणि पेन्सिलीने आपले रकाने आखले : खांब, माई, तंबोरा, उरवाई, मिस्त्री. बायकोने शेवटी स्वतःच्या अक्षरात आणखी एक जोडला : हप्ता. ती शाळेत गणित शिकवते आणि घरातला अर्थसंकल्प तीच मांडते.

पहिला रकाना खांबाचा. आमच्या गल्लीत समोरच्या वकीलसाहेबांचा ओटा आणि विजेचा खांब यांच्यामध्ये एक खिंड आहे. काकांनी टेप लावली, एक टोक वकीलसाहेबांच्याच हातात दिलं आणि माप घेतलं : सहा फूट तीन इंच. मग मिलिमीटर केले. १९०५. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अरे, हे तर मेळ्याचं साल!" ग्वाल्हेरचा मेळा माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केला, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. आमच्या घरी तो शुभशकुन धरला गेला. वकीलसाहेबांनी मात्र माप कशासाठी घेतलं, ओट्यावर नोटीस तर येणार नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं.

त्या खिंडीतून गाडी न्यायची तर लांबीला कोण विचारतं? रुंदी बघायची. ब्रेझा आणि सॉनेट १७९० मिलिमीटर, नेक्सॉन १८०४, थ्री एक्स ओ १८२१. म्हणजे पहिल्या दोघींना दोन्ही अंगांनी तीन-तीन बोटं जागा, आणि थ्री एक्स ओला दोन-दोन बोटं आणि रोखलेला श्वास. शिवाय माहितीपत्रकातली रुंदी आरसे सोडून असते. आरसे उघडे ठेवले तर यातली एकही गाडी आमच्या घरी पोचत नाही. तेव्हा काकांनी वहीत ठळक लिहिलं : 'आरसे बटणाने मिटणारे हवेत.' रस्त्यांचा आणि गाड्यांचा कसून अभ्यास करणारे परीक्षक शंभर किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठला ते लिहितात. आरसे किती सेकंदांत मिटतात आणि मिटताना वकीलसाहेबांच्या तुळशीला लागतात का, हे कोणी लिहीत नाही.

दुसरा रकाना माईचा. माईंचं वय ऐंशीच्या पुढे, उंची पाच फुटांच्या आत आणि गुडघे जिल्हा न्यायालयातल्या दाव्यासारखे, लवकर हलत नाहीत. त्यांची एकच अट : चढताना पाय उचलावा लागू नये आणि बसताना कंबर वाकवावी लागू नये. मी शोरूममध्ये हे सांगितलं तेव्हा विक्रेत्याने आधी छताची काच उघडून दाखवली. पण माईंच्या अटीत सबंध भारतातल्या या गाड्यांच्या खपाचं गुपित आहे. जुन्या बसक्या गाडीत माणूस खड्ड्यात उतरल्यासारखा उतरतो आणि बाहेर काढायला दोघं लागतात. मोठ्या जीपला पायरी लागते, पायरीला दांडा लागतो. या गाड्यांची बैठक नेमकी मधल्या उंचीची असते. माणूस पाठमोरा उभा राहिला, टेकला आणि वळला की झालं. जाहिरातीत तरुण पोरं या गाड्या घेऊन बर्फात, वाळवंटात जातात. प्रत्यक्षात ती गाडी अचलेश्वराच्या दर्शनाला जाते आणि मागच्या सीटवर दोन गुडघे असतात.

अचलेश्वराचं नाव निघालं म्हणून सांगतो. हे महादेव रस्त्याच्या मधोमध आहेत. महाराजांनी रस्ता सरळ करायला हत्ती लावून पिंडी ओढायला घेतली, पण ती जागची हलली नाही, म्हणून रस्त्यानेच बाजू घेतली, असं सांगतात. ग्वाल्हेरच्या वाहतुकीचं मूळ तत्त्व तेव्हाच ठरलं : जो हलत नाही, त्याला रस्ता वळसा घालतो. गाय, ई-रिक्षा आणि लग्नाचा बँड हे तत्त्व आजही पाळतात.

मेळ्याच्या दिवसांत तर गाडीच्या खरेदीला सणाचं रूप येतं. हा मेळा जनावरांचा म्हणून सुरू झाला; आता त्याच्या ऑटोमोबाइल सेक्टरमध्ये गर्दी जास्त. याचं कारण, गेल्या काही वर्षांत मेळ्यातून घेतलेल्या गाडीवर सरकार रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट देतं. दहा-बारा लाखांच्या गाडीत ही चांगली घसघशीत रक्कम होते. पण सूट दर वर्षी नव्याने जाहीर व्हावी लागते. तोवर सबंध शहर हात बांधून बसतं. डिसेंबरात कोणाला विचारा, "गाडी घेतली?" उत्तर ठरलेलं : "छूट का ऑर्डर आने दो." पानवाला, दूधवाला, शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्यांना भोपाळहून आतली बातमी असते, आणि प्रत्येकाची वेगळी असते. २०२४ पासून उज्जैनच्या विक्रमोत्सवातल्या मेळ्यालाही अशी सूट मिळू लागली. तेव्हापासून गाड्यांच्या तुलनेआधी मेळ्यांची तुलना होते, आणि त्यात मात्र ग्वाल्हेरकरांचा निकाल आधीच लागलेला असतो.

नानाकाकांनी मेळ्यात पाऊल ठेवताच मला सूत्र सांगितलं : बैल घेताना दात बघावेत, चालवून बघावा आणि विकणाऱ्याचं एक अक्षर ऐकू नये. विक्रेता गळ्यात पट्टा घातलेला तरुण मुलगा होता. म्हणाला, "सर, इसमें एम्बिएंट लाइट है, चौंसठ कलर!" काका शांतपणे म्हणाले, "चौंसठ तो हमारे यहाँ मितावली में योगिनियाँ हैं बेटा, और टिकट भी नहीं लगता." मुलगा थोडा थबकला, पण शिकवणीतला होता. त्याने व्हॉइस कमांड दाखवली. गाडीशी बोलायचं, गाडी ऐकते. आत्या पुढे झाली आणि मराठीत म्हणाली, "एसी कमी कर गं." गाडीने थोडा विचार केला आणि जवळच्या हॉटेलांची यादी दाखवली. आत्या म्हणाली, "घरच्यासारखीच आहे."

मग सनरूफ. हिच्यावाचून आता गाडी खपत नाही म्हणतात. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात डोक्यावर काच उघडून बसणं हे पंचाग्निसाधनच, आणि तेही हप्त्यावर. जानेवारीत उघडावी तर धुकं आत येऊन शेजारी बसतं. उरले दोन प्रसंग : लग्नाची वरात आणि निवडणुकीची मिरवणूक. आमच्या चंबळच्या मुलखात वरातीत आनंदाच्या भरात हवेत बार काढणारे महाभाग अजून आहेत, तेव्हा वरातीत छत उघडं ठेवण्याआधी विमा तपासलेला बरा. काकांनी सनरूफपुढे वहीत लिहिलं : 'गळल्यास कोण बघणार?' त्याच्या उलट, मागच्या सीटला गार वारा देणारी एसीची झडप जाहिरातीत कुठेतरी कोपऱ्यात असते, पण मेमध्ये तीच गाडीचा प्राण असते.

तिसरा रकाना तंबोऱ्याचा. हा रकाना बाकीच्या भारतात कुठे नसेल. आत्या ग्वाल्हेर घराण्याचं गाणं शिकवते. डिसेंबरात तानसेन समारोह, मध्येच कोणाकडे बैठक, कोणाकडे गुरुपौर्णिमा. आत्या जाते तिथे मिरजेचा तंबोरा जातो. डिकी ३८२ लिटरची आहे असं सांगितलं की आत्या विचारते, "दूध भरायचंय का?" तिचं बरोबर आहे. डिकीचे लिटर कंपनी लहान लहान ठोकळे रचून मोजते. तंबोरा हा ठोकळा नाही. त्याला खाली भोपळा, वर खुंट्या, मध्ये माणसाएवढी दांडी, आणि त्याच्यावर काही ठेवायचं नाही, त्याला काही टेकवायचं नाही, तो कोणाला टेकला तर मात्र चालतं.

आम्ही गवसणीत गुंडाळलेला तंबोरा घेऊन शोरूमच्या आवारात गेलो. सुरक्षारक्षकाने आत सोडताना तो दोनदा दाबून बघितला. आडवा घातला, बसला नाही. तिरका घातला, भोपळा आत, खुंट्या बाहेर. मग त्या विक्रेत्याने पहिल्यांदा कामाची गोष्ट केली. मागच्या सीटचा एक तुकडा पाडला. ६०:४० स्प्लिट म्हणतात तो हा. चाळीसचा तुकडा खाली पडला, भोपळा डिकीत नीट बसला, दांडी सीटवरून पुढे आली आणि साठच्या तुकड्यावर माई आणि आत्या निवांत मावल्या. सबंध शोरूममध्ये क्षणभर सम गाठल्यासारखं झालं. पण खालच्या व्हेरिएंटमध्ये कित्येकदा सीट अखंड असते, पाडली तर सगळीच पडते. म्हणजे तंबोरा जाणार आणि गायिका घरी राहणार. शिवाय सीएनजी घेतली तर टाकी डिकीत येते. टाटांनी नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या खाली बसवून ३२१ लिटर जागा वाचवली आहे, हे खरं. पण गॅसच्या टाकीशेजारी मिरजेचा भोपळा ठेवायला आत्याने साफ नकार दिला. "आधीच त्यात हवा आहे," ती म्हणाली.

चौथा रकाना उरवाईचा. किल्ल्यावर मोटार जाते ती उरवाई दरवाज्याने. डोंगरात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्तींच्या पायाशी अरुंद, उभ्या चढाचा रस्ता. ग्वाल्हेरमध्ये गाडीची परीक्षा इथेच व्हावी. पाच माणसं, एसी चालू, गाडी मध्ये थांबवायची आणि पुन्हा सोडायची. यातल्या पुष्कळ गाड्यांत आता तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन असतं. इंजिन छोटं, म्हणून १२०० सीसीच्या मापात बसतं. आणि धुरांड्यातून जाणाऱ्या गरम वायूने एक पंखा फिरवून जास्तीची हवा आत कोंबतं, म्हणून ताकद मोठ्या इंजिनाची देतं. नेक्सॉनचं १२०० सीसीचं इंजिन असं १२० अश्वशक्तीपर्यंत जातं. अडचण एवढीच की पंखा फिरायला आधी धूर लागतो आणि धूर निघायला आधी इंजिन फिरावं लागतं. चढावर थांबलेली गाडी सोडली की पहिला क्षणभर काही होत नाही, मग एकदम सगळं होतं. सरकारी कचेरीतल्या फायलीची सवय असलेल्याला हे जड जात नाही. ब्रेझाचं इंजिन टर्बोशिवायचं, चार सिलिंडरचं, १४६२ सीसीचं. १०३ अश्वशक्ती, पण घाई नाही आणि रुसवाही नाही. डिझेल गाड्या, इंजिन १५०० सीसीच्या आतच ठेवून, चढ सगळ्यात शांतपणे चढतात, फक्त किंमत आधी चढलेली असते.

आत्या मागे डोळे मिटून इंजिन ऐकत होती. म्हणाली, "ही तीन सिलिंडरची दादऱ्यात चालते, चारची केरव्यात." विक्रेत्याने हे फीचर माहितीपत्रकात आहे का ते बघितलं.

किल्ल्यावरून खाली शहर बघताना एक गंभीर गोष्टही बोलावी लागली. छावणीत गाडी ताशी वीसच्या वर जात नाही आणि इथला अपघात म्हणजे फार तर ई-रिक्षाशी झालेला परिचय. पण वर्षातून चार वेळा आग्रा, झाशी होतंच, आणि त्या रस्त्यावर रात्री ट्रकही दिवे न लावता उभा असतो आणि म्हशीही. २०१८ च्या डिसेंबरात नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळत होते. त्याआधी आपण गाडी ठोकून दार बंद करताना आवाज कसा येतो त्यावर सुरक्षा ठरवत होतो. २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळवतात. थ्री एक्स ओ आणि कायलॅकनेही त्यात पाच तारे आणले. बायको म्हणाली, "सनरूफचे पैसे इकडे वळवा." तिने काकांच्या वहीत आणखी एक रकाना आखला नाही, म्हणाली, ज्या गाडीला तारे नाहीत तिचं नाव वहीतच लिहू नका. गणिताच्या बाईंनी अट आणि गुण यांतला फरक एका वाक्यात सांगून टाकला.

हप्त्याचा रकाना भरताना पुन्हा अर्थमंत्री आडवे आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची नवी घडी बसली : लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं १२०० सीसीच्या किंवा डिझेलचं १५०० सीसीच्या आत असेल तर १८ टक्के, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. ब्रेझा लांबीला नियमात, पण पेट्रोलचं इंजिन २६२ सीसीने बाहेर. त्यामुळे ती बिचारी अंगाने लहानांत आणि कराने थोरांत. तरीही ती रस्त्यावर एवढी दिसते, याचा उलगडा पाचव्या रकान्यात झाला. वकीलसाहेब म्हणाले, "भाईसाहब, गाड़ी वही लो जिसका मिस्त्री हर मोड़ पर मिले." मिस्त्रीचं गणित कोणत्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं, पण रात्री मुरैन्याजवळ गाडी बंद पडली की तेवढंच एक पान आठवतं. विकताना काय येईल, तेही याच पानावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे माणूस गाडी घेण्याआधीच ती विकण्याचा विचार करतो. आणि घेतल्यावर पंधरा वर्षं विकत नाही.

शेवटी एक गाडी घेतली. कुठली, ते सांगत नाही. नाव घेतलं की समोरचा माणूस पहिलं वाक्य "अच्छा" म्हणतो आणि दुसरं "वो दूसरीवाली क्यों नहीं ली?" माझ्या मेहुण्याने तर फोनवर नाव पूर्ण होऊही दिलं नाही. लग्न जमवताना स्थळांची तुलना होते ती मंगलाष्टकांबरोबर संपते. गाडीची तुलना नंबरप्लेट लागल्यावर सुरू होते. ग्वाल्हेरचा एमपी शून्य सात लागला, पापड आणि सॉफ्टी खाऊन मंडळी मेळ्यातून घरी आली, खिंडीतून आरसे मिटून गाडी आत आली. नानाकाका पुढे उलटे चालत हातवारे करत होते, जणू विमान उतरवत आहेत.

महिन्याभरात वकीलसाहेबांनी गाडी घेतली. दुसऱ्या कंपनीची, तीही ३९९५ मिलिमीटर. ब्रेझा की नेक्सॉन, वेन्यू की सॉनेट, या सगळ्या वादाचं व्यावहारिक रूप तेव्हा मला कळलं. या गाड्यांचा प्रतिस्पर्धी शोरूममध्ये नसतोच, तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून येतो. एके सकाळी आम्ही बाहेर निघालो आणि ते आत आले, आणि ओटा-खांबाच्या खिंडीत दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. दोघींच्या स्क्रीनवर लाल रेघा, दोघींचे सेन्सर कोकलत होते, मागे दोन्हीकडे स्कूटर, दूधवाला आणि शाळेची व्हॅन. दोघींचंही ग्राउंड क्लिअरन्स उत्तम, पण एकमेकांच्या वरून जाण्याएवढं नाही. टॉर्क भरपूर, पण कामाचा नाही. पाच तारे इकडे, पाच तारे तिकडे.

वकीलसाहेब काच खाली करून युक्तिवादाला सुरुवात करणार, तोच त्यांना मागच्या सीटवर माई दिसल्या. त्यांनी बसल्याबसल्या हात जोडले, "माताजी, प्रणाम," म्हणाले आणि निमूटपणे रिव्हर्स घेतला, थेट नाक्यापर्यंत. मागच्या स्कूटरी, दूधवाला आणि व्हॅनही त्यांच्याबरोबर मागे सरकली.

आता कोणी कॉम्पॅक्ट एसयूव्हीबद्दल सल्ला विचारला, तर मी सरळ सांगतो : कुठलीही घ्या, तारे बघून घ्या, आरसे मिटणारे घ्या. पण आमच्या गल्लीतून जायचं असेल तर मागच्या सीटवर एक ऐंशीच्या पुढचं माणूस बसवा. हे कुठल्याच कंपनीच्या टॉप मॉडेलमध्येही मिळत नाही, आणि माईंना हे कळल्यापासून त्या पेट्रोल भरायलाही बरोबर येतात.